भट्टी ज्याची, बाटली त्याची?

(तृतीय वर्ष, केमिकल)

सगळ्यात आधी दोन खुलासे करते. "मराठी विभागासाठी व्हिस्कीवर लेख देऊ का?" असं विचारल्यावर आमच्या मॅडमनी चष्म्यावरून माझ्याकडे जे बघितलं, ते मी जन्मात विसरणार नाही. तेव्हा पहिला खुलासा: मी वीस वर्षांची आहे. महाराष्ट्रात व्हिस्की प्यायला वय 25 पूर्ण लागतं, वर परवाना लागतो. मी ती कधी चाखलेली नाही, त्यामुळे चवीबद्दल या लेखात एक अक्षरही सापडणार नाही. मी लिहिणार आहे ते बाटलीच्या लेबलवरच्या दोन-चार बारीक ओळींबद्दल. दुसरा खुलासा: माझी शाळा कॉन्व्हेंट. तेव्हा ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका पोटात घाला!

आता मूळ गोष्ट. एप्रिल 2021. लॉकडाऊन होता आणि आमची दहावीची परीक्षा नुकतीच रद्द झाली होती. मी घरात नुसती बसून असायचे. त्याच आठवड्यात आपल्या वणीची बातमी आली. दारूची दुकानं बंद, म्हणून काही जण सॅनिटायझर प्यायले आणि त्यात सात माणसं गेली. बहुतेक हातावर पोट असलेली.

मी बाबांना विचारलं, "बाबा, सॅनिटायझरमध्येपण अल्कोहोल आणि दारूमध्येपण अल्कोहोल. मग मेले कसे?"

बाबा म्हणाले, "अल्कोहोल एकच नसतं बेटा. आणि ते कोणी बनवलं, कशासाठी बनवलं, हे कळायला नको का?"

पहिलं वाक्य अकरावीच्या केमिस्ट्रीत समजलं. दुसरं समजायला इंजिनिअरिंगचं तिसरं वर्ष उजाडलं. हा लेख त्या दुसऱ्या वाक्यावर आहे.

भट्टीत काय होतं?

डिस्टिलेशनचं प्रॅक्टिकल आठवा. इथेनॉल 78.4 अंशाला उकळतं, पाणी 100 ला. मिश्रण तापवलं की वाफेत अल्कोहोलचं प्रमाण जास्त येतं. ती वाफ थंड केली की जास्त कडक द्रव मिळतो. एवढंच तत्त्व. पण भट्टी चालवणाऱ्याचं खरं कसब पुढे असतं. पहिली धार येते ती हलक्या पदार्थांची. त्यात अॅसिटाल्डिहाइड, इथाइल अॅसिटेट असतं, ती बाजूला काढायची. मधली धार घ्यायची. शेवटी जड, तेलकट वासाचे पदार्थ यायला लागले की थांबायचं. कुठे सुरू करायचं आणि कुठे थांबायचं, हा निर्णय त्या भट्टीवरच्या माणसाचा असतो.

माल्ट व्हिस्कीसाठी सातू, म्हणजे बार्ली, भिजवून मोड आणतात आणि वाळवतात. मोड आल्यामुळे स्टार्चची साखर करणारी एन्झाइम्स तयार होतात. मग दळून गरम पाण्यात घालायचं, गोड पाणी काढायचं, यीस्ट टाकून आंबवायचं आणि तांब्याच्या भट्टीत बहुतेक दोनदा उकळायचं. तांबंच का? तर ते वाफेतले गंधकाचे वास पकडून ठेवतं. निघालेलं स्पिरिट पाण्यासारखं रंगहीन असतं. ते ओकच्या लाकडी पिंपात भरून ठेवायचं. स्कॉटलंडच्या कायद्यात किमान तीन वर्षं. रंग आणि बराचसा स्वाद त्या लाकडातून येतो.

आणि शेवटी बाटली. इथेच माझा प्रश्न सुरू होतो. ही बाटली भरतो कोण?

किराणा दुकानदाराचं नाव

आपल्याला वाटतं, ज्यानं बनवली त्यानंच भरली असणार. पण एकोणिसाव्या शतकात स्कॉटलंडमध्ये तसं नव्हतं. भट्टीवाले पिंपच्या पिंप व्यापाऱ्याला विकायचे. व्यापारी दहा ठिकाणची पिंपं एकत्र मिसळायचा आणि स्वतःच्या नावानं विकायचा. जॉनी वॉकरमधला जॉन वॉकर हा किल्मारनॉक गावचा किराणा दुकानदार! 1820 मध्ये त्यानं दुकान टाकलं. अॅबरडीनचे शिवास बंधूसुद्धा किराणावालेच. म्हणजे जगप्रसिद्ध बाटल्यांवर नाव आहे ते दुकानदाराचं. ज्या भट्टीत ती व्हिस्की निघाली, तिचं नाव कुठेच नाही.

यात फसवणूक होती असं नाही. आपल्याकडे चहाचं तेच आहे. पुड्यावर कंपनीचं नाव असतं, मळ्याचं नसतं. दरवर्षी चव एकसारखी ठेवायची तर मिसळावंच लागतं, आणि मिसळणं ही पण एक कलाच आहे. पण गडबड झाली तर जबाबदार कोण, हा प्रश्न उरतोच.

अमेरिकेत तो प्रश्न फार वाईट तऱ्हेनं आला. तिकडे मधले व्यापारी साध्या स्पिरिटमध्ये रंग आणि काहीबाही मिसळून 'जुनी व्हिस्की' म्हणून विकायचे. 1870 मध्ये लुईव्हिलच्या जॉर्ज गार्विन ब्राउन या औषधं विकणाऱ्या माणसानं आपली व्हिस्की फक्त सीलबंद बाटलीतून विकायला सुरुवात केली. हेतू हा, की मध्ये कोणाचा हात लागू नये. मग 1897 मध्ये अमेरिकेनं 'बॉटल्ड इन बाँड' कायदा केला. अटी अशा: व्हिस्की एकाच डिस्टिलरीची, एकाच हंगामातली, किमान चार वर्षं सरकारी देखरेखीच्या गोदामात ठेवलेली, 50 टक्के अल्कोहोलची. आणि लेबलवर डिस्टिलरीचं नाव असलंच पाहिजे. ग्राहकाला 'हे कोणी बनवलं?' याचं उत्तर मिळावं म्हणून केलेला हा फार जुना कायदा आहे, आणि तो चक्क दारूबद्दलचा आहे!

लेबल कसं वाचायचं?

आता थोडं अभ्यासाचं. व्हिस्कीच्या बाटल्या ढोबळमानानं चार प्रकारच्या असतात.

1) डिस्टिलरीनं स्वतः बाजारात आणलेली. बनवणारा आणि नाव देणारा एकच. याला 'डिस्टिलरी बॉटलिंग' किंवा 'ऑफिशियल बॉटलिंग' म्हणतात. 'सिंगल माल्ट' म्हणजे एकाच डिस्टिलरीची, फक्त माल्ट केलेल्या बार्लीची. एकाच पिंपाची असेलच असं नाही. पिंपं शेकडो असू शकतात.

2) स्वतंत्र बाटलीवाल्यांची. एल्गिन गावची गॉर्डन अँड मॅकफेल ही पेढी 1895 पासून, तर कॅडेनहेड 1842 पासून आहे. हे लोक दुसऱ्यांच्या भट्टीतला माल स्वतःच्या नावानं भरतात. गंमत म्हणजे यांच्या लेबलवर पुष्कळदा जास्त माहिती असते: डिस्टिलरी कोणती, वर्ष कोणतं, पिंप कोणतं, बाटल्या किती निघाल्या.

3) ब्लेंड. अनेक ठिकाणचं एकत्र.

4) कंत्राटावर भरलेली. ब्रँड एकाचा, कारखाना दुसऱ्याचा. भारतात हे खूप चालतं. कारण दारू हा राज्यांचा विषय आहे. एका राज्यातून दुसऱ्या राज्यात बाटल्या न्यायच्या तर परवाने आणि शुल्क भरावं लागतं. म्हणून मोठ्या कंपन्या प्रत्येक राज्यात तिथल्याच कारखान्यात माल भरून घेतात. नाव तेच, चित्र तेच, पत्ता वेगळा.

पहिल्या प्रकारातसुद्धा एक मेख आहे. डिस्टिलरीचं नाव असलं म्हणून बाटली त्याच आवारात भरली असेल असं नाही. स्कॉटलंडमधल्या कितीतरी डिस्टिलऱ्यांचा माल टँकरनं दूरच्या बॉटलिंग कारखान्यात जातो. कॅम्पबेलटाऊनची स्प्रिंगबँक ही मोड आणण्यापासून बाटली भरण्यापर्यंत सगळं एकाच जागी करणारी, म्हणून तिचं कौतुक. कायद्यानं एवढं मात्र केलंय: 2009 च्या स्कॉच नियमांप्रमाणे एखाद्या डिस्टिलरीचं नाव ब्रँड म्हणून वापरायचं तर आतला सगळा माल तिथेच गाळलेला पाहिजे. आणि नोव्हेंबर 2012 पासून सिंगल माल्ट स्कॉच स्कॉटलंडमध्येच बाटलीबंद करावी लागते. पिंपं परदेशात नेऊन भरणं बंद!

आपल्याकडची गोष्ट

भारतात 'व्हिस्की' म्हणून जे विकलं जातं, त्यातल्या बऱ्याच बाटल्यांचा पाया असतो मळी. आपल्या पुसद-उमरखेडच्या ऊसवाल्यांना मळी काय ते सांगायला नको. मळी आंबवून, उंच कॉलममध्ये गाळून 96 टक्क्यांच्या आसपासचं जवळपास बिनवासाचं स्पिरिट काढतात. त्यात थोडी माल्ट व्हिस्की, रंग आणि स्वाद मिसळतात. युरोपात अशा बाटलीवर 'व्हिस्की' लिहिता येत नाही, कारण तिकडे ती धान्याचीच लागते आणि तीन वर्षं लाकडात मुरलेली लागते.

अशा देशातून सिंगल माल्ट निघाली, आणि त्यामागे एका विद्यार्थ्याचा प्रोजेक्ट आहे! हे वाचून मी खुर्चीतून उठलेच. बंगळुरूची अमृत डिस्टिलरीज ही 1948 मध्ये राधाकृष्ण जगदाळे यांनी सुरू केलेली कंपनी. (आडनाव ऐकून आपल्याकडचंच वाटतं की नाही?) त्यांचा मुलगा नीलकांत जगदाळे. नीलकांतरावांचा मुलगा रक्षित इंग्लंडमध्ये न्यूकॅसलला एमबीए करत होता. वडिलांनी त्याला सांगितलं, भारतीय सिंगल माल्ट इंग्लंडमध्ये विकली जाईल का, याचाच अभ्यास कर. त्यानं प्रबंधासाठी तोच विषय घेतला. लोकांना नाव न सांगता नमुने दिले, मतं घेतली. 24 ऑगस्ट 2004 ला अमृत सिंगल माल्ट बाजारात आली ती थेट ग्लासगोत, म्हणजे स्कॉचच्या माहेरघरात! कंपनीचं नाव समुद्रमंथनातलं आणि बाटलीवर भट्टीचं नाव तेच. लपवायला काही नव्हतंच. नीलकांतराव 2019 मध्ये गेले.

आम्हाला प्रोजेक्टसाठी रेडीमेड रिपोर्ट कुठे मिळतो हे माहीत असतं. असो.

दुसरी आपल्या शेजारच्या गोव्यातली. कुंकळ्ळीला जॉन डिस्टिलरीजची तांब्याची भट्टी आहे. त्यांची 'पॉल जॉन' सिंगल माल्ट 2012 मध्ये लंडनला पहिल्यांदा आली. भारतातली सहा ओळींच्या कणसाची बार्ली, भट्टी गोव्यातली, मुरवण गोव्याच्या दमट हवेतली. आणि महाराष्ट्रातली म्हणाल तर नाशिक जिल्ह्यातल्या दिंडोरीची. तिथल्या डिस्टिलरीतून पेर्नो रिकार कंपनीनं 2022 मध्ये 'लाँजिट्यूड 77' ही सिंगल माल्ट काढली. 77 अंश पूर्व रेखावृत्तावरून हे नाव. अॅटलास उघडून बघा, ते रेखावृत्त आपल्या अकोल्यावरून जातं!

देवदूतांचा वाटा

या भारतीय भट्ट्यांसमोर एक अडचण आहे, आणि ती आपल्या यवतमाळच्या मे महिन्यात सहज कळते. लाकडी पिंपातून स्पिरिट हळूहळू उडून जातं. स्कॉटलंडमध्ये याला 'एंजल्स शेअर', म्हणजे देवदूतांचा वाटा म्हणतात. तिकडच्या थंडीत तो वर्षाला साधारण 2 टक्के. बंगळुरूत तो 10 टक्क्यांच्या वर जातो.

चला, हिशोब करू. 200 लिटरचं पिंप घ्या. हे चक्रवाढ व्याजासारखंच आहे, फक्त उलटं. 2 टक्क्यांनी दहा वर्षांनंतर उरतात साधारण 163 लिटर. 10 टक्क्यांनी दहा वर्षांनंतर उरतात फक्त 70 लिटर! पाच वर्षांतच 118 वर येतात. म्हणून भारतातल्या बहुतेक सिंगल माल्ट लहान वयातच बाटलीत जातात. उष्णतेमुळे लाकडातून रंग-स्वाद उतरणंही लवकर होतं. अमृतनं एका जुन्या व्हिस्कीचं नावच 'ग्रीडी एंजल्स', म्हणजे हावरट देवदूत, असं ठेवलं.

आता यात 'बाटली कोणाची' याचा काय संबंध? आहे ना! दहा वर्षं थांबून दोन-तृतीयांश माल हवेत उडू द्यायचा, ही गोष्ट तोच करेल ज्याचं स्वतःचं नाव बाटलीवर जाणार आहे. दुसऱ्याच्या नावानं माल टँकरमध्ये भरून द्यायचा असेल तर एवढी कळ कोण सोसणार?

"याले नाव कायले लागते?"

दिवाळीच्या सुट्टीत आजोबांच्या शेतावर गेले होते. तिथे एक म्हातारे बाबाजी आहेत, आयुष्यभर आमच्याकडे सालदार होते. त्यांना हे सगळं मोठ्या उत्साहानं सांगितलं. ते बीडी विझवून म्हणाले, "पोरी, आमच्या लहानपनी मोहाची निंघे. त्याले नाव कायले लागते? कोनाच्या चुलीवरची हाये ते गावाले मालूम राहे."

मी गप्प झाले. किती बरोबर बोलले! मार्च-एप्रिलमध्ये पहाटे मोहाची फुलं पडतात. ती वेचायची, वाळवायची, भिजवून आंबवायची, मडक्यावर मडकं ठेवून वाफ थंड करायची. तत्त्व तेच, आमच्या लॅबमधलंच. मी त्यांना विचारलं, "आणि कोणाची खराब निघाली तर?" ते म्हणाले, "तं त्याच्या घरी कोन जाईन मंग?" म्हणजे बनवणारा, विकणारा आणि तोंड दाखवणारा माणूस एकच. बाटली नव्हती, लेबल नव्हतं, पण जबाबदारीला चेहरा होता.

हे मी मोहाच्या दारूचं कौतुक म्हणून सांगत नाहीये. घरी दारू गाळणं आपल्या राज्यात गुन्हा आहे, आणि दारूनं घरं कशी बसतात ते आपल्या जिल्ह्यातल्या बायकांना विचारा. शेजारचा वर्धा जिल्हा 1970 च्या दशकापासून दारूबंदीचा. चंद्रपुरात 2015 ला बंदी झाली, 2021 ला उठली. आपल्याकडेही बंदीसाठी बायकांनी मोर्चे काढले. त्या मोर्च्यातल्या बाईला 'सिंगल माल्ट'चं कौतुक सांगायची माझी हिंमत नाही.

पण एक गोष्ट खरी. मध्य प्रदेशानं 2022 मध्ये मोहाच्या दारूला 'हेरिटेज' दर्जा देणारं धोरण आणलं. अलीराजपूर आणि दिंडोरी (हो, तिकडेही एक दिंडोरी आहे!) जिल्ह्यांतल्या आदिवासी बचत गटांनी ती 'मोंड' आणि 'मोहुलो' या नावांनी स्वतः बाटलीत भरली. स्कॉटलंडमध्ये ज्याला डिस्टिलरी बॉटलिंग म्हणतात ना, ते हेच. गाळणाऱ्याचंच नाव बाटलीवर.

चेहरा हरवला की

आता उलटी बाजू. जून 2015 मध्ये मुंबईच्या मालवणीत विषारी दारूनं शंभराहून जास्त माणसं गेली. त्यात मिथेनॉल होतं. धान्य आंबवल्यावर मिथेनॉल अगदी थोडंच तयार होतं. असे सामूहिक मृत्यू होतात ते कारखान्यात वापरायचं मिथेनॉल कोणीतरी दारूत मिसळतं म्हणून. वासाला, दिसायला ते इथेनॉलसारखंच. पण शरीरात गेल्यावर त्याचं फॉर्माल्डिहाइड आणि मग फॉर्मिक अॅसिड होतं. आधी डोळे जातात, मग जीव. कोर्टानं चौघांना दोषी ठरवलं ते 2024 मध्ये. नऊ वर्षं लागली! अशा पिशवीवर पत्ता नसतो. ती कोणाच्या चुलीवरची, हे गावाला माहीत नसतं. पिणाऱ्याला नाही, विकणाऱ्यालाही नाही.

म्हणजे बाबांचं दुसरं वाक्य हेच होतं. कोणी बनवलं, कशासाठी बनवलं.

इथे लेख संपवणार होते. पण मग वणी आठवली आणि माझी थिअरी अडली. सॅनिटायझरच्या बाटलीवर तर सगळं असतं! कंपनीचं नाव, पत्ता, बॅच नंबर, घटक, तारीख. व्हिस्कीच्या लेबलपेक्षा जास्तच. मग?

मी उठून आमच्या घरातली त्या वेळची जुनी बाटली शोधली. मोरीच्या वरच्या फळीवर होती. मागे बारीक अक्षरात लिहिलं होतं की हे फक्त बाहेरून वापरायचं, पोटात घ्यायचं नाही. सगळं इंग्रजीत. मुंगीच्या डोळ्याएवढी अक्षरं. मला वाचायला दोन सेकंद लागले, कारण माझ्या आईबाबांनी मला कॉन्व्हेंटमध्ये घातलं. आमच्या बाबाजींना ती ओळ शंभर वर्षं वाचता आली नसती.

नुसतं नाव छापून जबाबदारी संपत नाही. ज्याच्या हातात बाटली आहे, त्याला ते वाचता आलं पाहिजे. उद्या आपल्यातले कितीतरी जण कुठल्या ना कुठल्या प्लांटवर जाणार आहेत. कोणी औषधं बनवेल, कोणी कीटकनाशकं, कोणी रंग. (कपाशीवरच्या फवारणीनं 2017 मध्ये आपल्याच जिल्ह्यात शेतकरी-मजूर दगावले, ते विसरला नसाल.) तेव्हा लेबलचा कागद आपल्या टेबलवर सहीला येईल. त्या वेळी एकदा आपल्या गावच्या सालदाराला डोळ्यांसमोर आणा आणि विचारा, याला हे कळेल का?

हा लेख मी इंग्लिश सेक्शनला दिला असता तर मला निम्म्या वेळात लिहून झाला असता. मॅडमनी तसं सुचवलंही होतं. पण सुट्टीत तो मोठ्यानं वाचून दाखवायचा आहे, आणि ज्यांना दाखवायचा आहे ते बीडी विझवून ऐकतात.

चू. भू. द्या. घ्या.